तुटक्या पायरीच्या वर

गिरणी बंद पडल्यावर बाबा एका सोसायटीच्या गेटवर वॉचमन झाले. आई चार घरच्या पोळ्या लाटायची. काळाचौकीच्या एका खोलीत आम्ही सात जण. गॅलरीत चपलांशेजारी बसून मी अभ्यास केला आणि घरातली पहिली ग्रॅज्युएट झाले. हे मी ताठ मानेने सांगते.

मजेसाठी डोंगर चढणं मात्र आमच्यात कुणी ऐकलं नव्हतं. "गावाक डोंगर काय कमी आसत?" आई म्हणाली. तरी दहीहंडीनंतर आमच्या महिला पथकातल्या पाच जणी कर्जतकडच्या एका किल्ल्यावर निघालो. पायथ्याशी तीन दगड मांडून चहा केला. ओल्या गवतात पाय पसरले. कुणाचं कोपर कुणाला लागत नव्हतं.

हंडा घेऊन चाललेली एक आजी थांबली. "वरची पायरी कोसळलीय गं पोरींनो. नका जाऊ."

"आजी, आम्ही पाच थर लावतो!" आमची हंडी फोडणारी म्हणाली.

आजी हसली नाही. आभाळाकडे बघितलं आणि निघून गेली.

पायरी खरंच नव्हती. दीड पुरुष उंच सरळ कातळ, खाली दोन पावलांची जागा, मागे दरी. मी पथकात तळच्या थराची. कातळाला हात टेकून उभी राहिले. चौघी माझ्या खांद्यावरून वर गेल्या, मग ओढण्या एकत्र बांधून त्यांनी मला ओढून घेतलं. आम्ही टाळ्या वाजवल्या.

अर्ध्या तासात धुकं आलं. वारा पडला, पाखरं गप्प झाली. कडेला परतलो तर खालची जागा दिसेना. हंडी फोडणारीने दगड टाकला. तो खालच्या जागेवर न पडता दरीत गेला; आवाज फार उशिरा आला.

"थर लाव ना गं," ती मला म्हणाली, आणि तिचं तिलाच कळलं. थर खालून लागतो. खाली कुणीच नव्हतं.

"मी आधी उतरते," मी म्हणाले.

"येडी आहेस का? सगळ्यात जड तूच!"

"म्हणूनच. आत्ता धरायला चौघी आहात. शेवटी मला कोण धरणार?"

ओढण्या कातळावर घासून चरचरत होत्या. एक गाठ सरकली आणि मी हातभर खाली आले. थरात असताना खाली बघायचं नसतं. मी बघितलं. सगळं पांढरं. पाय किती वेळ हवेत होते, सांगता येत नाही. मग अंगठ्याला दगड लागला.

कातळाला छाती टेकवून मी ओरडले, "ये!"

एकेक ओला पाय खांद्यावर पडत गेला. चौथीला वरून धरायला कुणी नव्हतं. ती आली तेव्हा तिचं सगळं वजन माझ्या खांद्यावर आलं, पण मी हलले नाही.

दिवेलागणीच्या आत पाचही जणी पायथ्याला पोचलो.