डाव्या करंगळीची शाई

पूर ओसरल्यावर तिसऱ्या दिवशी सिस्टर लशीची पेटी खांद्याला अडकवून शाळेतल्या छावणीत दाखल झाल्या. त्यांच्या स्वतःच्या घरात अजून गुडघाभर चिखल होता आणि तो उपसायला सून एकटी. पण सव्वीस वर्षांच्या नोकरीत एक गोष्ट त्यांना पाठ झाली होती: माणसं दाटीवाटीनं राहू लागली, की पाण्यातून वाचलेली पोरं गोवर उचलून नेतो.

काम सोपं होतं. दंडात सुई टोचायची आणि डाव्या करंगळीच्या नखावर जांभळी शाई लावायची. शाई दिसली, की ते पोर झालं.

दुसऱ्या दिवशी समोरच्या वर्गात दुधाच्या पावडरीचं वाटप सुरू झालं. पोरामागे एक पाकीट. तिथल्या कारकुनानंही जांभळं पेन काढलं आणि पाकीट मिळालेल्या पोराच्या नेमकं डाव्या करंगळीवर टेकवलं.

"दादा, तुम्ही उजवा अंगठा घ्या ना," सिस्टर म्हणाल्या.

"का? बोटं काय तुमच्या खात्याच्या मालकीची आहेत?"

रांग हसली. सिस्टर तडक छावणीप्रमुख साहेबांकडे गेल्या. साहेब म्हणाले, "लेखी द्या." त्यांनी दिलं. कागद पेपरवेटखाली गेला आणि तिथेच मुक्कामाला राहिला.

बायकांना मात्र हिशोब लगेच कळला. सातवीच्या वर्गात बिऱ्हाड मांडलेल्या एका आईनं तोंडावर सांगितलं, "आधी पावडर, मग सुई." तिच्या कडेवर दोन वर्षांची मुलगी होती. "माझ्या जावेच्या पोराला तुमची शाई बघून त्या मेल्यानं हाकललं. म्हणे, तुझं पाकीट झालं. सुईनं पोट भरतं का, बाई?"

सिस्टरनी हातातली सुई खाली ठेवली. "बरं, पावडर घे आणि उद्या सकाळी ये. मी आहे."

सकाळी त्या आईच्या आधी तपासणीची गाडी आली. पर्यवेक्षक वर्गावर्गातून करंगळ्या बघत फिरले. शंभरात अठ्ठ्याण्णव जांभळ्या निघाल्या.

"साहेब, यातली निम्मी शाई दुधाची आहे!"

"सिस्टर, आकडा तुमच्याच पदरात पडतोय. कशाला स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेता?"

लशीची पेटी पुढच्या छावणीसाठी गाडीत चढली. गाडी फाटकाबाहेर पडत असताना ती आई मुलीला घेऊन दारात उभी राहिली. "आले बघा, बाई. शब्द दिला होता ना." मुलीच्या करंगळीवर ताजी शाई होती.

तीन दिवस सिस्टर लस परत मागवायला वरच्या कार्यालयात फोन करत राहिल्या. प्रत्येक वेळी तेच उत्तर आलं: तुमची छावणी पूर्ण झाली.

बाराव्या दिवशी मुलीला ताप आला, मग पुरळ उठलं, मग धाप लागली. दोन छावण्या सांभाळणाऱ्या तरुण डॉक्टरांनी तिचं नख पाहिलं आणि केसपेपरवर 'लस दिली का?' समोर 'होय' लिहिलं. "होतो गोवर कधीकधी लस देऊनही," ते म्हणाले. तीन दिवसांनी मुलगी गेली. सिस्टरनी तो 'होय' खोडून 'नाही' केला आणि खाली सही ठोकली.

महिन्याभरानं एकाच टपालानं दोन लिफाफे घरी आले. एकात अठ्ठ्याण्णव टक्के लसीकरणाबद्दल प्रशस्तिपत्र होतं, दुसऱ्यात सरकारी कागदावर खाडाखोड केल्याबद्दल नोटीस.

"आई, फ्रेम करून घेऊ या?" सुनेनं प्रशस्तिपत्र हातात घेत विचारलं.

"कुठलं? दोन्ही एकाच कामाची आहेत."

खुलासा सात दिवसांत द्यायचा होता. सिस्टरनी त्याच दुपारी एका ओळीत लिहिला: 'त्या मुलीच्या नखावरची शाई माझी नव्हती.'

कागद छावणीप्रमुख साहेबांच्या शेऱ्यासह परत आला. 'खुलासा अमान्य. शाईबाबत वेळीच लेखी का कळवले नाही?'