मोजणं सुटलं ती सकाळ

कॅन्सरची ट्रीटमेंट संपली तेव्हा सगळे म्हणाले, "सुटलीस!" माझी खरी भीती मात्र तेव्हाच सुरू झाली. ऑपरेशन, केमो, रेडिएशन चालू असताना निदान कुणीतरी काहीतरी करत होतं; आता नुसती वाट बघायची. पाठीत जरा चमक आली तरी वाटायचं, परत आला. मग मी देवाशी सौदे करू लागले. पहिल्या चेकअपच्या आधी साखर सोडली, दुसऱ्याच्या आधी भात. मंगळवार, गुरुवार, शनिवार उपास धरले. रोज हजार वेळा रामनाम घ्यायचं. मध्येच फोन वाजून आकडा चुकला, तर पुन्हा पहिल्यापासून. इथे एडिनबरातच जन्मलेली माझी लेक एकदा म्हणाली, "आई, तुझा देव इतका स्ट्रिक्ट आहे?" मी तिच्यावर चिडले, कारण मनातून मलाही तेच वाटत होतं.

पुढच्या चेकअपला नर्सने वजन केलं. सहा किलो कमी. "मुद्दाम कमी करताय का?" तिने विचारलं. मी नाही म्हणाले. उपासांचं सांगायची लाज वाटली. आणि हे उपासांमुळे झालंय की आजारामुळे, ते मलाही कळत नव्हतं. डॉक्टरांनी लगेच स्कॅन करायला सांगितला.

स्कॅनच्या सकाळी रस्ते बर्फाने निसरडे झाले होते. नवरा येतो म्हणत होता, पण मीच त्याला नको म्हटलं. जवळ कुणी असलं की माझा आकडा चुकायचा. वेटिंग रूममध्ये बोटांच्या पेरांवर नाम मोजत बसले. शेजारी सत्तरीचे एक स्कॉटिश गृहस्थ होते, तेही एकटेच. हातातली टोपी ते सारखी फिरवत होते. थोड्या वेळाने ते हळूच म्हणाले, "तुम्ही काय पुटपुटताय?"

मी ओशाळले. "सॉरी, आमच्या देवाचं नाव घेतेय."

"नाही, थांबू नका. जरा मोठ्याने म्हणा. ऐकताना बरं वाटतंय."

भर वेटिंग रूममध्ये मी मोठ्याने रामनाम घेऊ लागले. त्यांना आत बोलावलं तेव्हा दारातून वळून ते म्हणाले, "मी बाहेर येईपर्यंत म्हणाल?" मी मान हलवली. आकडा केव्हाच सुटला होता. त्या अनोळखी माणसासाठी मी नाम घेत राहिले आणि कितीतरी महिन्यांनी ते नाव माझ्या कानांना गोड लागलं.

ते बाहेर आले आणि माझं नाव पुकारलं गेलं. "आता माझी पाळी," टोपी मांडीवर ठेवत ते म्हणाले. मला वाटलं, धीर द्यायला म्हणताहेत. पण स्कॅन करून मी बाहेर आले, तर घरी जायचं सोडून ते तिथेच डोळे मिटून बसले होते. जिभेवर 'र' घोळवत, संथपणे म्हणत होते, "राम, राम, राम." मला रडू आवरेना.

घरी पोचताच नर्सला फोन करून उपासांचं सगळं सांगितलं. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "आज पोटभर जेवा." दहा दिवसांनी रिपोर्ट आला. स्कॅन स्वच्छ होता.

त्या गृहस्थांच्या रिपोर्टचं काय झालं, मला माहीत नाही. ते पुन्हा भेटले नाहीत. संध्याकाळी दिवा लावताना त्यांच्यासाठी हात जोडते. कुणी याला योगायोग म्हणेल, म्हणो. परक्या देशात, ज्या घडीला मी सर्वांत एकटी होते, त्या घडीला कुणीतरी माझ्यासाठी माझ्या देवाला हाक मारत बसलं होतं, एवढं मला पुरेसं आहे.

पुढचा चेकअप महिन्यावर आलाय. भीती गेलेली नाही, बहुधा जाणारही नाही. पण आता तिच्यापायी मी काही सोडत नाही. तिला घेऊनच देवापुढे बसते आणि म्हणते, "रामा, मला भीती वाटते रे." एवढं बोलले की मन निवतं.