ड्रममध्ये गेलेलं गणित

दहावीची परीक्षा रद्द झाली त्या साली आमच्या घरात एकच जण नापास झाला, आणि तो दहावीला नव्हताच.

तो मी!

आमची वैष्णवी नववीत असताना पालकसभेत मी (पुढच्या रांगेत बसून, मोठ्यानं!) तिच्या वर्गशिक्षकांना, सोनुने सरांना म्हणालो होतो, "सर, वह्या तपासायची तकलीफ कशाला घेता? दहावीचा पेपर बोर्ड तपासतंय. तुमच्या हातात काय हाय?" सभा हसली. सरही हसले. त्यांच्या हसण्याचा अर्थ मला दुसऱ्या वर्षी कळला. कोरोनामुळं बोर्डाची परीक्षा रद्द! निम्मे मार्क नववीचे, बाकीचे शाळेतल्या चाचण्या, तोंडी आणि वह्या पाहून. म्हणजे सगळं सरांच्याच हातात!

"आता बोला की त्या बोर्डाला," बायको म्हणाली.

वैष्णवीला अकरावी सायन्सला नांदेडला जायचं होतं. तिनं वर्षभराच्या वह्या खताच्या रिकाम्या गोणीत भरून दारात ठेवल्या. "बाबा, एवढ्या शाळेत नेऊन द्या. अन् सरांशी काहीच बोलू नका."

बोलणार नव्हतोच. मी गुपचूप वह्यांवर निवडक हळकुंडं ओतली. (ही लाच नव्हती. आमच्या कुरुंदा गावाच्या बाजूला आमी पाव्हण्याला हळद देतोच. फक्त पाव्हण्याला देताना कोणी बघून राहिलं का, म्हणून मागं वळून पाहत न्हाई.)

त्या दिवशी अंगणात ट्रॅक्टरवर हळद पॉलिश करायचा ड्रम फिरत होता. दारात तसल्याच पाच-सहा गोण्या. मी एकीचं तोंड सोडून पाहिलं. वर हळद. म्हणलं, हीच! मोटारसायकलला बांधली. चांगलीच जड लागली, तेव्हा ऊर भरून आला. केवढा अभ्यास केलाय पोरीनं!

शाळेत सरांनी गोणी सोडली. "माधवराव, ही तर हळद हाय."

"वर हळद हाय सर. अभ्यास खाली हाय. हात घाला."

सरांनी मनगटापर्यंत हात घातला. "न्हाई लागत."

"अजून खाली!"

हात कोपरापर्यंत गेला. हेडमास्तर चष्मा पुसत येऊन उभे राहिले. सर खांद्यापर्यंत हळदीत, आणि मी वरून धीर देतोय, "गणित तळाला असंल!" तेवढ्यात माझा फोन वाजला.

"बाबा!" वैष्णवी रडत होती का ओरडत, ड्रमच्या खडखडाटात कळेना. "आईनं हळदीची राहिलेली गोणी समजून वह्याच ड्रममध्ये ओतल्या! जाळीतून माझं गणित तुकडे होऊन बाहेर पडून राहिलंय!"

सरांनी ऐकलं. पिवळा हात तसाच वर धरून माझ्या मागं गाडीवर बसले.

अंगणात वह्या पसरून ठेवल्या होत्या. पुठ्ठे गायब, कोपरे गोल, पानं पिवळीधमक. इतिहासाची वही तर अशी चकाकत होती की व्यापाऱ्यानं आधी तीच उचलली असती! ड्रम आता बंद होता, पण बायकोची नजर पाहून मी अजून आत फिरत असल्यासारखं वाटत होतं.

सर तिथंच बाजेवर बसले. पान झटकायचं, शिंकायचं, बराबरची खूण करायची. "काहून रडतीस लेकरा? अक्षर दिसून राहिलंय की!" जिथं पान फाटलं होतं तिथं तोंडी विचारलं. वैष्णवीनं डोळे पुसत पुसत सगळं धडाधड सांगितलं.

पोरीला ब्याण्णव टक्के पडले. नांदेडला सायन्सही मिळालं.

हळदीची गोणी मात्र शाळेतून परत आली. तिला एक पुठ्ठा बांधला होता, त्यावर लाल शाईनं शेरा: "हळद उत्तम. गृहपाठ आढळला नाही. पालकांनी मेहनत घ्यावी."

बायकोनं तो पुठ्ठा वैष्णवीच्या मार्कलिस्टशेजारी टांगला. पाव्हणे आले की पहिल्यांदा माझाच निकाल वाचतात. एकदा वैतागून मी म्हणालो, "फेरतपासणीला अर्ज करतो!"

बायको हळद निवडता निवडता म्हणाली, "करा की. तपासणार सोनुने सरच. तुमच्या हातात काय हाय?"