बसव्वाचं कानडी

शोभे, जवळ असतीस तर कान धरला असता तुझा. लातूरहून उदगीर असं किती लांब आहे गं? दिवाळीपासून तोंड दाखवलं नाहीस, आणि काल या आत्याला फोन केलास तो म्हशीसाठी! रेडकू मेलं, म्हैस पान्हा सोडेना, शेजारचे म्हणतात सुई टोच, तर टोचू का, म्हणून. फोनवर मला धड सांगता येईना, म्हणून हे लिहितेय. त्याचं उत्तर द्यायचं तर आधी बसव्वा सांगावी लागेल.

बसव्वा आमच्या शेजारची. माहेर बीदरकडचं. चाळीस वर्षं उदगिरात काढली तरी बोलण्यात कानडी यायचंच. ठेंगणी बाई, कपाळभर विभूती. घरी आली की आधी गोठ्यात जायची, म्हशीला हात जोडून "शरणार्थ" म्हणायची, मग आम्हाला. मी एकदा फुगले, तर म्हणाली, "तू चहा देतीस, ती दूध देतीय. मोठी कोण, सांग!"

पाच-सहा वर्षांखाली माझ्या लेकानं, महादेवानं बीदरकडच्या बाजारातून म्हैस आणली. पंधरवड्यात तिचं रेडकू गेलं आणि ती दूध चोरायला लागली. बसव्वा तेव्हा लेकीकडं गेलेली. कुणीतरी महादेवाला औषधाची बिननावाची बाटली दिली. सकाळ-संध्याकाळ सुई टोचायची, की लगेच धार. म्हैस थरथरायची, ते मला दिसत होतं. पण चहाला दूध येत होतं ना! मी गप्प बसले. हे तुला सांगायलाच पाहिजे.

सून संगीता तेव्हा सातव्या महिन्यात. एका सकाळी ती कासरा धरून उभी होती. म्हशीनं हिसका दिला, आणि महादेवाच्या हातातली सुई संगीताच्या दंडात घुसली. तासाभरात तिचं पोट आवळायला लागलं. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बाटली बघितली आणि कपाळाला हात लावला. "बाळंतपणात कळा याव्यात म्हणून आम्ही हे औषध देतो, तेही थेंब मोजून. ह्या बाटलीत किती आहे, कोण सांगणार?" दिवसभर मी तिथल्या बाकावर बसून होते. उन्हं उतरताना कळा थांबल्या. बाळाचे ठोके नीट आहेत म्हणाल्या, तेव्हा कुठं मी बाकावरून उठले बघ.

दुसऱ्या दिवशी बसव्वा लेकीकडून आली. सगळं ऐकून घेतलं आणि गोठ्यात जाऊन महादेवापुढं उभी राहिली. "म्हणजे हिला रोज दोनदा कळा देऊन राहिलास की रे! लेकरू मेलेल्या बाईला!"

महादेवाची मान खाली. "पण बसव्वा, सुईबिगर थेंब देत न्हाई ती."

"तू काय बोलतोस तिच्यासंगं?"

"म्हशीसंगं काय बोलायचं? 'हो बाजूला' म्हणतो."

"येड्या, माझ्या माहेरची हाय ती. तुझं मराठी तिला कळतंय व्हय?"

महादेव हसला. बसव्वा नाही हसली. पुढ्यात पेंड ठेवली, कोमट पाण्यानं कास धुतली, पाठीवर हात फिरवत म्हणत राहिली, "बा तायी, बा. हालु कोडव्वा." म्हणजे ये माय, ये, दूध दे गं. म्हशीनं कान टवकारले. दूध मात्र दिलं नाही. सुईची सवय लागलेली. दूध तुंबून कास दगडावू नये म्हणून जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. मी विचारलं, ते दूध आम्ही प्यालो, त्याचं काय? ते म्हणाले, "दुधातून माणसाला किती बाधतं, त्यावर मतं वेगळी आहेत. पण जनावराचे हाल होतात, त्यात शंका नाही."

बसव्वा रोज दोन्ही वेळा यायची, तेच बोलायची. "बाईमाणूस हाय, वेळ लागतो," म्हणायची. नवव्या दिवशी बादलीत धार वाजली. महादेवानं बाटली आणून बसव्वाच्या हातात दिली. तो तिच्या पाया पडायला वाकला, तर तिनं त्याला म्हशीकडं वळवलं.

संगीता दिवस भरून बाळंत झाली. मुलगी. बसव्वा गेली त्याला दोन वर्षं झाली. त्या म्हशीला नंतर झालेल्या रेडीला आता आमची ही चिमुरडी हाक मारते, "बा तायी, बा." रेडी पळत येते.

तेव्हा सुई टोचू नकोस. आधी डॉक्टरला दाखव. आणि म्हैस कुठल्या बाजारातून आणली ते विचार. कानडी मुलखातली निघाली तर ये लवकर, पोरगी शिकवील तुला. आणि मराठीच कळणारी निघाली, तरी ये.