दोन बाजूंचा कठडा

शिवदासमामांनी उमेदीची सगळी वर्षं बसच्या दारात काढली. डिचोली–म्हापसा बसचे ते कंडक्टर. त्यांनी एक हाळी दिली की बाजारातली गिऱ्हाइकं भाव करायची थांबत. निवृत्तीनंतर त्या आवाजाला एकच काम उरलं, वाड्याच्या, म्हणजे वस्तीच्या, राखणदार देवापुढे गाऱ्हाणं घालायचं. कोणी नारळ ठेवायला आलं की त्याचं मागणं मामा देवाला खणखणीत सांगत, आणि जमलेल्यांनी प्रत्येक मागण्यावर "व्हय म्हाराजा!" म्हणायचं. एकदा म्हटलं की शब्द राखणदारापाशी गेला. तो फिरवायची कोणाची छाती नव्हती.

वाडा उंचावर, बाजार खाली. मध्ये चिऱ्यांच्या अरुंद पायऱ्या, झिजून गुळगुळीत झालेल्या. गेल्या वर्षी मामा तिथे घसरले. हाड मोडलं नाही, पण सून सायलीने फर्मान काढलं, "बाबा, आता खाली उतरूचा नाय." तिचंही खरंच होतं. पण रोज सकाळी खालच्या हॉटेलात जयरामबरोबर पातळ भाजी आणि उंडे पाव खायचे, ते सुटलं. जयराम हा त्यांच्याच बसचा ड्रायव्हर. त्याचं घर खाली, आणि त्याच्या गुडघ्यांना चढ झेपत नव्हता. जन्मभर एका गाडीत घालवलेली दोन माणसं एका गावात राहून वर्षभर भेटली नाहीत, याला काय म्हणावं! मामांना अन्न गोड लागेना. धरायला एक कठडा असता तर सगळं भागलं असतं.

तशात पालिकेची निवडणूक आली. गोवा घटकराज्य झाल्यापासून उमेदवारांना स्वप्नं जरा मोठीच पडू लागली होती. तरुण गौरेश तर बाजारात कारंजं उडवणार होता, त्यावर रंगीत दिवे. म्हाताऱ्यांच्या पायांना हात लावायला सगळे येत. ते पाय कुठवर चालतात, हे विचारायला कोणी येत नसे.

गौरेश मंडळी घेऊन राखणदारापाशी नारळ ठेवायला आला. मामा पुढे झाले.

"बा देवा राखणदारा म्हाराजा! ह्या झिलान नारळ ठेवलो आसा, तो मान्य करून घी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"यश कोणाक द्यायचा ता तू जाणा, पण ह्या पायऱ्यांक कठडो हेच्याच हातान घालून घी रे म्हाराजा!"

गौरेशचे डोळे मिटलेले, हात जोडलेले. लहानपणापासूनची सवय! सगळ्यांत मोठ्याने "व्हय म्हाराजा!" तोच म्हणाला. मग त्याने एक डोळा उघडला.

"मामा, ह्या काय म्हटलात तुमी?"

"मी खंय, तूच म्हटलंस."

दुसरी उमेदवार कमलाक्षी दुपारी आली. गौरेशची फजिती तिच्या कानावर गेली होती, म्हणून ओठ घट्ट मिटून उभी राहिली. मामांनी तिच्या नारळावरही कठड्याचंच मागणं घातलं, मागच्या बायका एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणाल्या आणि तिच्याही तोंडून ते सुटलंच. राखणदारापुढे गप्प कसं राहायचं, हे तिला तरी कोणी शिकवलं होतं!

कमलाक्षी निवडून आली. आता पालिकेत ठराव होणार कधी आणि आपण खाली उतरणार कधी, म्हणून मामा हिरमुसले. तर निकालाच्याच आठवड्यात पडलेला गौरेश वेल्डर घेऊन दारात हजर.

"हरलंय तरी म्हटलंय मां! कठडो होयपर्यंत आई जेवूक वाढीत नाय."

एका बाजूचा कठडा उभा राहिला. तो पाहून कमलाक्षीची झोप उडाली. त्याने घातला म्हणून तिचा शब्द थोडाच सुटत होता! तिने पालिकेत सगळ्यांचं डोकं खाऊन दुसऱ्या बाजूचाही घालून घेतला. मामा हसता हसता खोकू लागले.

रंग वाळला तसे मामा इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. सायली वरून बघत होती, पण थांबा म्हणाली नाही. निम्म्यावर येतात तो पलीकडचा कठडा धरून, धापा टाकत, कोणीतरी वर चढत होतं. जयराम!

"खंय चाललंस?"

"तुज्याकडे. आनी तू?"

"तुज्याकडेच."

कठडा सोडायची हिंमत दोघांचीही होईना. दोघांनी मोकळा हात पुढे केला आणि मधल्या जागेत घट्ट धरला. मामांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते हसत होते. खालून पाववाला वाट मागत होता, घंटा वाजवत होता, पण ते हात काही केल्या सुटेनात.