डब्यातली चिठ्ठी

शिवणवाल्या मावशीने शाळेत असताना वर्गातल्या एका मुलाच्या डब्यात प्रेमाची चिठ्ठी लपवली होती. ती सापडली त्याच्या आईला. तिने ती गुपचूप मावशीला परत आणून दिली. हे मावशीने फक्त आपल्या जिवलग मैत्रिणीला सांगितलं होतं.

पुढे मैत्रीण सिनेमे लिहू लागली. तिचा शाळकरी प्रेमाचा विनोदी सिनेमा त्या काळी तुफान चालला. मावशी कौतुकाने बघायला गेली, तर पडद्यावर तोच डबा, तीच आई, चिठ्ठीही शब्दन् शब्द तीच. थिएटर पोट धरून हसत होतं.

तिने फोन केला. मैत्रीण म्हणाली, "अगं, तुझं नाव कुठे घेतलंय?"

"घेणार असतीस, तर निदान विचारलं तरी असतंस."

त्यानंतर मावशीने मनातलं कुणालाच सांगितलं नाही, लग्नानंतर नवऱ्यालासुद्धा नाही.