कमरेइतका खड्डा

वेबसाइट बनवायची म्हटलं की नागपुरात माणसं मला आधी रंग सांगतात. केशरी पाहिजे, जरा चमकदार पाहिजे. मी वैतागते. माझं काम रंगाच्या कितीतरी आधीचं. साइटवर कोण येणार, काय शोधत येणार, कुठल्या पानावरून कुठे जाणार, हे कागदावर मांडून द्यायचं. सजवणारे नंतर येतात. या कामातलं आपल्याला सगळं कळतं, असा माझा ठाम समज होता. तो नरखेड तालुक्यातल्या एका पन्हेरीत खोटा ठरला.

पन्हेरी म्हणजे संत्र्याची कलमं तयार करून विकायची जागा. तिचा चाळिशीतला मालक मला घ्यायला मोटारसायकल घेऊन एसटी स्टँडवर आला होता. गाडी सुरू करता करताच म्हणाला, "मॅडम, माय गिऱ्हाईक परत पाठवते. साइट झाली का लोक घरबसल्या कलमं मागवतील. मायची कटकट नाही."

अंगणातल्या खाटेवर मी माझी कार्डं मांडली, साइटच्या एकेका पानासाठी एक. संत्रा, मोसंबी, लिंबू. मग किती नग, मग पत्ता. एकदम सुटसुटीत. मालक खूश, आणि मी तर स्वतःवर फारच खूश. त्याची आई शेजारी बसली होती. तिला आता नीट दिसत नाही, म्हणून मी एकेक कार्ड मोठ्यानं वाचून दाखवलं. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"अन् माती कुठं हाय वं?" तिनं विचारलं.

मला काही कळेना. मग तिनंच सांगितलं. कलम न्यायला येणारा माणूस इथे पिशवीत माती घेऊन येतो. कमरेइतका खड्डा खणायचा आणि तळाची माती आणायची, कारण वरची माती सगळ्यांचीच चांगली दिसते. ती माती हातात घेतल्याशिवाय ती कलम देत नाही.

खाटेखाली कालच्या कुणा गिऱ्हाइकाची पिशवी पडली होती. तिनं त्यातलं ढेकूळ काढलं, पाण्यात भिजवलं आणि बोटांनी त्याची वात वळायला लागली. वात लांबत गेली, तुटेचना. "चिकट हाय. याच्या वावराले लागून नाला असन," ती म्हणाली. मी मालकाकडे पाहिलं. "हाय," तो पडेल आवाजात म्हणाला. इतकी वर्षं मी लोकांना प्रश्न विचारायचे पैसे घेते, पण असं विचारणं मी कधी पाहिलं नव्हतं.

"झाड फळावर याले पाच वर्षं लागते," ती म्हणाली. "खाली पाणी थांबत असन त तोवर हिरवंगार दिसते, अन् मंग बुडाले डिंक सुटून मरते. तवा तो माणूस कोणाले विचारन? मी राहीन का तोवर? हा पोरगा त कोणाले नाहीच म्हणत नाही."

तिची भीती मला तेव्हा समजली. तिच्यामागे इथे नाही म्हणणारं कुणी उरणार नव्हतं, आणि माझी सुटसुटीत कार्डं त्याचीच सोय करत होती. लाज वाटली. मी विचारलं, लांबच्या माणसाला तुमच्या हाताशिवाय हे कसं कळेल? ती म्हणाली, "सोपं हाय. सांजच्याले खड्डा पाण्यानं भर, सकाळी जाऊन पाह्य."

मी सगळी कार्डं बाजूला केली आणि पहिल्या पानासाठी नवी लिहिली. खड्डा खणला का? सकाळी पाणी होतं का? होतं, तर पुढचं पान एकाच ओळीचं: या वावरात संत्रा लावू नका.

"पह्यल्याच पानावर गिऱ्हाईक हाकलता का, मॅडम?" मालक तडकला. मी म्हटलं, पंधरा दिवसांनी येते, एखाद्या खऱ्या माणसावर हे करून पाहू.

पंधरा दिवसांनी गेले, तर तीनशे कलमांसाठी एक शेतकरी आधीच येऊन बसला होता. मी कार्डं मालकाच्या हाती दिली. त्यानं नाराजीनंच वाचायला सुरुवात केली. खड्डे झाले होते. "अन् पाणी?" "परवाच्या पावसाचं हाय अजून," शेतकरी सहज म्हणाला.

मालकाच्या हातात शेवटचं कार्ड होतं. आई दोन हातांच्या अंतरावर बसली होती. त्यानं त्यावरची एकुलती ओळ वाचली. मग कार्ड खाली ठेवून म्हणाला, "नका लावू, भाऊ."

शेतकरी हसला आणि आईकडे बोट दाखवून मालकाला म्हणाला, "काहून गा? काकूनं नाही म्हटलं का?"

"माय काहीच नाही बोलली," मालक म्हणाला. "मी नाही म्हणून राहिलो."